घाट वगळून

कळंब
९ डिसेंबर २०२४

चंद्रा,

जय भीम.

काल फोनवर तू तीनदा "काय? काय म्हंता?" केलंस आणि चौथ्या वेळी फोन दर्शनाच्या हातात देऊन उठून गेलीस. मी एवढंच विचारत होतो की जेवलीस का. तेवढ्यासाठी सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडावं लागतं. समोरच्या ओट्यावरून सोनाबाई म्हणाली, "काळूराम, चंद्रभागा जेवली रं बाबा. आता तू पन जेव." तेव्हाच ठरवलं, यापुढे पत्र. तुझे कान गेले, पण डोळे शाबूत आहेत, आणि सातवीपर्यंतची शाळा कधीतरी उपयोगी पडायला हवी.

तू रागावली आहेस हे मला कळतं. दिवाळीला तू इथं आली होतीस आणि भंगारवाला दारात उभा होता तेव्हा म्हणालीस, "द्या देऊन. आन कपडे भरा. पोरगी बोलावते, जावई बोलावतो, तुमाला काय त्या लोखंडाची वरात काढायची हाय?" मी भंगारवाल्याला चहा पाजून वाटेला लावलं. तू दुसऱ्या दिवशी पुण्याला परत निघून गेलीस. नातीला ताप आहे म्हणालीस. नातीला ताप नव्हता, दर्शनाने मला मागाहून सांगितलं.

तर बातमी अशी की मी वरात काढणार आहे. ट्रक माझ्या नावावर खाजगी वापरासाठी नोंदवायचा, त्याचा विमा उतरवायचा, घाट चढायचा आणि तुझ्या त्या अकरा मजली इमारतीच्या फाटकासमोर उभं राहून हॉर्न द्यायचा. तो तरी तुला ऐकू येईल. मग तू खाली यायचंस, तुझ्या डाव्या सीटवर बसायचंस आणि आपण घरी यायचं. दर्शनाच्या बाळंतपणाला तू चार महिन्यांसाठी गेली होतीस. नात आता बालवाडीत जाते.

भाकऱ्या मला येतात. फक्त गोल होत नाहीत.

तुझा
काळूराम

*

कळंब
२१ जानेवारी २०२५

चंद्रा,

जय भीम.

तुझं उत्तर आलं नाही. पत्र पोचलं एवढं दर्शनाने सांगितलं. "आई दोनदा वाचत होती," असंही म्हणाली. एवढ्यावर मी एक भाकरी जास्त खाल्ली.

कामाचं सांगतो. कर्जतला बाजारपेठेत अपेक्षा म्हणून एक मुलगी विम्याचं काम करते. चुणचुणीत आहे. तिने विचारलं, "काका, गाडी कुठल्या सालची?" मी म्हटलं, एकोणसत्तरची. "मंजे माझ्या आईपेक्षा मोठी," म्हणाली आणि हसत सुटली. मग तिने समजावलं. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांची वेगळी नोंद करायचा नवा नियम आहे, पण तो मोटारींना आणि दुचाक्यांना. राजेमहाराजांच्या मोटारी, सिनेमावाल्यांच्या मोटारी. ट्रकचा त्यात पत्ता नाही. कशेळ्याहून गवताच्या गाठी आणि नेरळहून भाताची पोती वाहणारा ट्रक कोणाला जपून ठेवावासा वाटेल, हे नियम करणाऱ्याच्या डोक्यात आलं नसावं.

मग दुसरा रस्ता. मालवाहू म्हणून असलेली जुनी नोंद बदलून खाजगी करून मागायची. त्यासाठी आरटीओत गेलो. साहेब तरुण होते, बोलायला बरे होते. म्हणाले, "ट्रक आणि खाजगी? आजोबा, बाजारातून कोथिंबीर आणायला वापरणार का?"

मी म्हटलं, "नाय साहेब. बायकोला आनायला."

शेजारचे दोन कारकून मान वर करून बघायला लागले. साहेबांनी विचारलं, "त्या कुठे असतात?" मी सांगितलं, पुण्याला, लेकीकडं. "रेल्वे आहे, बस आहे," ते म्हणाले. त्यांना काय सांगणार, की तू लग्न होऊन सहा वर्षं झाल्यावर याच ट्रकवर क्लीनर म्हणून चढलीस. क्लीनर ठेवायची आपली ऐपत नव्हती आणि तुला घरी बसायची हौस नव्हती. नेरळच्या गिरणीवर लोक हसायचे. तू पदर खोचून चाकाखाली लाकडी ठोकळा सरकवायचीस, मागे उभी राहून गाडी वळवून द्यायचीस, आणि पत्र्यावर थाप मारायचीस. एक थाप म्हणजे थांब. दोन थापा म्हणजे चल. एवढ्या वर्षांत तुझी थाप कधी चुकली नाही आणि मी ती कधी मोडली नाही.

साहेबांनी शेवटी सांगितलं की प्रकरण वर पाठवतो, पण आधी गाडी तपासून घ्या. तपासणीवाले म्हणाले, आधी विमा दाखवा. विम्यासाठी अपेक्षाकडे आलो तर तिच्या कंपनीचं म्हणणं, आधी तपासणीचा दाखला. आधी कोंबडी की आधी अंडं, तसली गत. मी दोन्ही ठिकाणी चपला झिजवतो आहे. तेवढंच माणसांशी बोलणं होतं.

घर मोठं वाटायला लागलं आहे गं. आपलं घर आणि मोठं, म्हणजे बघ.

काळूराम

*

कळंब
२ मार्च २०२५

चंद्रा,

जय भीम.

या पत्रात एक पातळ कागद घडी करून ठेवला आहे. फेकू नकोस. पेन्सिलने काळा केलेला दिसेल आणि त्यात पांढरे आकडे दिसतील. तो आपल्या ट्रकच्या चेसिसचा नंबर आहे. लोखंडावर कागद धरून वरून पेन्सिल घासली की नंबर उमटतो, आणि विमा कंपनीला तसाच ठसा लागतो. मी एक जास्तीचा काढला.

पण तो काढायला आमची काय दमछाक झाली! खोपोलीचा नागू मिस्त्री मुद्दाम आला होता. आता त्याचीही कंबर वाकली आहे, गाडीखाली शिरला की बाहेर काढायला आम्ही दोघं लागतो. अर्धा दिवस शोधूनही नंबर सापडेना. नागू म्हणाला, "काळूराम, चोरीचा हाय का रं ट्रक?" मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दरवर्षी भीमजयंतीच्या आधी तू निळा रंग घेऊन बसायचीस. मिरवणुकीला आपलाच ट्रक असायचा, म्हणून तू त्याचं दिसणारं आणि न दिसणारं सगळं अंग रंगवायचीस. "कुनी बघो न बघो, बाबासायबांचा फोटो वर हाय," म्हणायचीस. त्या रंगाचे थरावर थर चढून सरकारी नंबर खाली गाडला गेला होता.

नागूने पातं लावलं आणि निळे पापुद्रे निघायला लागले. मला ते बघवेना. मी पंप चालू करायचं निमित्त करून विहिरीकडे गेलो. परत आलो तोवर आकडे उघडे पडले होते. नागूने ते पापुद्रे एका पुडीत बांधून माझ्या हातात दिले. पुडी खिडकीत तुझ्या फणीशेजारी ठेवली आहे.

इंजिन चालू झालं. आधी खोकला, मग काळा धूर, मग नेहमीचा आवाज. सोनाबाईची कोंबडी अजून परतलेली नाही.

तुझी सीट फाटली आहे. कर्जतला शिवायला दिली. कुठला रंग हवा ते कळव. कळवलं नाहीस तर मी लाल घालीन, आणि लाल तुला आवडत नाही.

काळूराम

*

कळंब
१६ एप्रिल २०२५

चंद्रा,

जय भीम.

"आई म्हणते लाल घालू नका, हिरवी घाला. आणि डाव्या आरशाचा स्क्रू ढिला आहे तो बघा," असा दर्शनाचा निरोप आला. मी आरशाजवळ जाऊन पाहिलं. खरंच ढिला आहे. तिथं बसून तुला इथला स्क्रू दिसतो, मी मात्र दिसत नाही.

परवा जयंती झाली. कागद पुरे झाले नाहीत, म्हणून मंडळाने टेंपो आणला. पोरांनी लाइट लावून चांगला सजवला होता, नाव ठेवायला जागा नाही. मला पुढे बसवायला पोरं आली होती, मी गुडघ्याचं सांगून घरी राहिलो. मिरवणूक आपल्या दारावरून गेली तेव्हा मी ट्रकच्या केबिनमध्ये बसलो होतो. बंद ट्रकमध्ये, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून. तुझ्या बाजूला हिरवी सीट, नवीकोरी, वरचं प्लास्टिक मी अजून काढलेलं नाही. तुझी फार आठवण आली. हे सोनाबाईला सांगता येत नाही, नागूला सांगता येत नाही, आणि फोनवर ओरडून सांगायची गोष्ट नाही.

दर्शना म्हणते, "बाबा, तुम्हीच या ना. खोली आहे, टीव्ही आहे." मी म्हणतो, ट्रक रस्त्यावर आला की येतो. अकराव्या मजल्यावर माणसं संध्याकाळी पाय सोडून कुठं बसतात, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

काळूराम

*

कळंब
१८ ऑगस्ट २०२५

चंद्रा,

जय भीम.

झालं! नोंद खाजगी झाली. त्या तरुण साहेबांनी मनावर घेतलं असावं. शेवटचा कागद देताना म्हणाले, "आजोबा, वहिनींना आमचा नमस्कार सांगा." आजोबांच्या बायकोला वहिनी म्हणायची ही कुठली रीत कोण जाणे, पण सांगतो. नमस्कार.

अट एकच, भाड्याने माल वाहायचा नाही. आता माल कोण देतो म्हणा.

विमाही उतरला. दाखल्यावर अडून न बसता कंपनीने आधी आपलाच माणूस पाठवला. त्याने चारी बाजूंनी फोटो काढले, मग माझ्या शेजारी बसून कर्जतपर्यंत आला. चांगली चालवली मी. तो उतरल्यावर कपाळाचा घाम पुसत होता, पण ऊन होतं. नंतर अपेक्षाने मला दुकानात बोलावलं आणि विचारलं, "काका, चालवणारे तुमी. शेजारी बसणाऱ्या एका मानसाचा विमा वेगळा घेता येतो. कुणाचं नाव घालू?"

मी म्हटलं, "चंद्रभागा काळूराम गायकवाड."

"नातं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "क्लीनर."

ती इतकी हसली की शेजारचा चहावाला डोकावून गेला. मग तिने डोळे पुसून 'पत्नी' असं लिहिलं.

आता वाईट ते सांगतो, आधीच सांगायला हवं होतं. कंपनीने विमा दिला, पण गाडीचे ब्रेक जुन्या धाटणीचे म्हणून एक ओळ घातली. "घाट वगळून." मी अपेक्षाला म्हटलं, पोरी, मी त्या घाटात म्हातारा झालो. तांदूळ घेऊन वर, कांदा घेऊन खाली. ब्रेक गेलेला असताना चढ बघून गाडी थांबवली आहे. ती म्हणाली, "काका, म्हनूनच तर वगळलाय."

म्हणजे सगळा रायगड फिरायला मोकळा, आणि ज्याच्यासाठी एवढा आटापिटा केला तो एवढा एक घाट तेवढा नाही. तू वर आणि मी खाली. गेले कित्येक दिवस हे तुला लिहायला हात उचलत नव्हता.

तर माझं म्हणणं असं. खोपोलीपर्यंत मी येतो. घाट तू उतर. चिंचवडहून एसटी मिळते. पूर्वी आपण जिथं गाडीला पाणी दाखवायचो, त्या घाटाच्या पायथ्याशी मी उभा राहीन. येशील का ते कळव. नाही आलीस तरी कळव, म्हणजे मी उगाच उभा राहणार नाही. खरं म्हणजे तरीही राहीन.

काळूराम

*

पुणे
११ सप्टेंबर

दर्शनाच्या बाबांस,

जय भीम. धम्मचक्र दिनाच्या आदल्या दिवशी येते. दर्शनाला सुट्टी आहे, ती पोरीला बघेल. चार दिवस राहीन. सीटवरचं प्लास्टिक काढा, घसरायला होतं. घाटात शिंग्रोबाच्या देवळापाशी एसटी हॉर्न देत नाही, त्याचं मला वाईट वाटतं.

चंद्रभागा

*

कळंब
७ ऑक्टोबर २०२५

चंद्रा,

जय भीम.

तू सुखरूप पोचल्याचं दर्शनाने सांगितलं. तू माझ्यावर चिडली आहेस, हेही सांगितलं. तुझं बरोबर आहे. काय झालं ते आता नीट सांगतो.

तू आलीस त्या दिवशी एसटीतून उतरताना मी तुला लांबूनच ओळखलं. पिशवी डाव्या खांद्यावर, आणि माझ्याकडे बघायच्या आधी ट्रकच्या चाकांकडे बघितलंस. एक वाकून तपासलंससुद्धा. मग म्हणालीस, "हवा कमी हाय." अकरा महिन्यांनी नवऱ्याला भेटलीस आणि पहिलं बोलणं हे. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

पळसदरीच्या रस्त्याला लागलो. इंजिनाचा आवाज, त्यात तुझे कान, बोलणं शक्यच नव्हतं. तू समोरच्या पत्र्यावर तळहात टेकवून बसलीस आणि थोड्या वेळाने ओरडलीस, "रडतंय ते! गिअर बदला!" मी बदलला. तुला ट्रक हाताने ऐकू येतो हे मला आजवर माहीत नव्हतं. तरुणपणीही तू हात तसाच ठेवायचीस. मला वाटायचं, आधाराला ठेवतेस.

ते चार दिवस कसे गेले ते तुलाही माहीत आहे. तू भाकऱ्या केल्यास, गोल. विहारात जाऊन आलो. शेवटच्या संध्याकाळी ट्रकच्या पायरीवर दोघं पाय सोडून बसलो. तू म्हणालीस, "पोरगी मला आजी म्हनून झोपेत हाका मारते. तिला टाकून कशी येऊ?" तरी मी रात्रभर मनाशी एक वाक्य जुळवत होतो. खोपोलीला पोचलो की गाडी बंद करायची, आवाज थांबला की तुझ्या कानाशी वाकायचं आणि म्हणायचं, "जाऊ नको, राहा." पळसदरी येईतो ते मनात दहा वेळा घोकलं.

तू पिशवी घेऊन उतरलीस. मी किल्लीला हात घातला. तेवढ्यात तू सवयीने मागे गेलीस, मागचा रस्ता मोकळा आहे का पाहिलंस, आणि पत्र्यावर थाप मारलीस.

दोन.

माझा पाय आपोआप क्लचवर गेला, हाताने गिअर टाकला, आणि मी निघालो. ढिल्या आरशात तू दिसत होतीस, एक हात वर केलेला. मला वाटलं, तू चल म्हणते आहेस, म्हणजे चालायचं. क्लीनरची थाप मोडायची नसते. खोपोली संपून बरंच पुढे आल्यावर माझ्या ध्यानात आलं की मागे माल नाही, पुढे गिऱ्हाईक नाही, आणि मी कुठं निघालो आहे ते मला माहीत नाही. गाडी वळवून परत आलो तर तुझी एसटी निघून गेलेली. तू वर केलेला हात थांबवायला होता, हे मला दर्शनाकडून कळलं. तूही काहीतरी सांगणार होतीस म्हणे. आणि मी शहाणा, धूर सोडून चालता झालो.

मी तिथंच घाटाच्या पायथ्याशी बराच वेळ बसलो. तुझी सीट अजून बसून दबलेली होती. मग विम्याचा कागद काढला आणि ती ओळ पुन्हा वाचली. खालून वर, वरून खाली सगळा कागद वाचला. चंद्रा, त्यांनी घाट ट्रकला वगळला आहे. काळूरामला नाही. एवढी साधी गोष्ट मला इतके दिवस दिसली नाही, किंवा मी बघितली नाही. त्या तरुण साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की बस आहे. तुला घाट उतरायला लावला, आणि मी खाली उभा राहून वाट बघितली.

तुला राहा म्हणायचा माझा विचार होता. पण नातीची हाक मला कळंबपर्यंत ऐकू आली आहे, माझे कान चांगले आहेत. म्हणून मीच येतो. ट्रक नागूच्या ताब्यात देतो आहे, अधूनमधून तो इंजिन चालू करेल. पुढच्या जयंतीला आपण दोघं खाली येऊ, पोरीलाही आणू. निळा रंग तू आण. नंबरावर या वेळीही लाव, मी पुन्हा खरवडीन.

रविवारी निघतो. शिंग्रोबा आला की मनातल्या मनात हॉर्न देईन. आपण बौद्ध, त्याला नाणं टाकत नाही. पण साहेबांना घाटाची वाट दाखवणाऱ्या त्या धनगराला सलाम द्यायचा, हे तूच मला शिकवलंस. लिफ्टमध्ये मला एकट्याला भीती वाटेल, तर जावयाला खाली पाठव.

वर आल्यावर मी घंटी वाजवणार नाही. ती तुला ऐकू येत नाही, दर्शना येते दार उघडायला. तू संध्याकाळी दारापाशी बस आणि तळहात दाराला टेकवून ठेव.

मी एकच थाप मारीन.

तुझा
काळूराम